हाडाच्या कॅन्सरचा संशय आला तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

भाच्याचा गुडघा दुखायला लागला तेव्हा तो पंधराचा होता, रोज खेळायचा, त्यामुळे खेळताना कुठेतरी मुरगळला असणार असं घरात सगळ्यांनी धरूनच टाकलं, मीसुद्धा. स्प्रे मारून झाला, क्रेप बँडेज बांधून झालं, पेनकिलरने चार दिवस बरं वाटायचं की परत सुरू. अडीच महिने असेच गेले. मग एका रात्री ताई पाणी प्यायला उठली तर हा पलंगावर बसलेला, गुडघ्याखाली उशी, म्हणाला झोपलं की जास्तच ठणकतं. दिवसभर पळून पाय दुखणं वेगळं आणि अंथरुणावर नुसतं पडल्यावर दुखणं वेगळं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे म्हणून लिहायला बसलेय. मी डॉक्टर नाही, पण सव्वा वर्ष त्याची फाइल माझ्याकडे होती आणि मी इतके प्रश्न विचारायचे की डॉक्टर मला दारात बघूनच हसायला लागायचे.

या सगळ्यातून मला कळलेली मुख्य गोष्ट म्हणजे क्रम. आधी काय, मग काय. या आजारात पहिल्या दोन आठवड्यांत जी पायरी चुकते ना, ती नंतर पायावरच येते.

आधी कुठलं दुखणं गांभीर्याने घ्यायचं ते. उगाच घाबरायचं कारण नाही, हाडातच सुरू होणारा कॅन्सर फार दुर्मिळ असतो, सगळ्या कॅन्सरमध्ये मिळून एक टक्कासुद्धा भरत नाही. गुडघेदुखीच्या शंभर जणांत शंभरही साधेच निघतील बहुतेक. पण एकाच जागी, एकाच बाजूला, दोन-तीन आठवडे उलटूनही जात नसलेलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर एक्स-रे काढायचाच. मुलांचे वाढीच्या वयात पाय दुखतात ते बहुतेक वेळा दोन्ही पायांत, संध्याकाळी दुखतात, आज पोटऱ्या उद्या मांड्या अशी जागा बदलते, आणि सकाळी उठून पोरगं उड्या मारत असतं. ट्यूमरचं दुखणं जागा सोडत नाही. बोट ठेवून दाखवता येतं. त्यात सूज, हाताला कडक लागणारी गाठ, लंगडणं, सांधा पूर्वीइतका न वाकणं, कारण नसताना ताप, यातलं काही असेल तर अजिबात थांबू नका. आणि किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, म्हणजे जेवढं लागलं त्या मानाने फारच मोठं मोडलंय असं वाटत असेल, तर नुसतं प्लास्टर घालून घरी येऊ नका, ते हाड आधीपासून पोखरलेलं होतं का हे विचारा.

‘लागलं होतं म्हणून दुखतंय’ हा सगळ्यात मोठा चकवा. टेरी फॉक्सचं नाव ऐकलं असेल, कॅनडाचा तो मुलगा जो कृत्रिम पायावर १९८० साली १४३ दिवस पळत ५३७३ किलोमीटर गेला. त्याचंही असंच झालं होतं. नोव्हेंबर १९७६ मध्ये गाडीचा अपघात झाला, गुडघ्याला थोडं लागलं, डिसेंबरमध्ये परत दुखायला लागलं तर त्याने अंगावर काढलं, मार्च १९७७ मध्ये दाखवलं तेव्हा ओस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच सुरू होणारा एक कॅन्सर, निघाला. मार लागल्याने कॅन्सर होत नाही, फक्त मार लागल्यामुळे दुखण्याला एक सोयीचं कारण मिळतं आणि आपण शोधणं थांबवतो. मालिश तर करूच नका अशा जागी, कारण न कळता दाबून चोळण्यात फायदा काहीच नाही आणि पोखरलेलं हाड मोडायची भीती मात्र खरी.

पहिली तपासणी साधा एक्स-रे, दोन बाजूंनी काढलेला. थेट एमआरआय नको, कारण हाडाचा स्वभाव एक्स-रेमध्येच जास्त चांगला कळतो. भाच्याचा एक्स-रे मला अजून डोळ्यासमोर दिसतो, गुडघ्याच्या जरा वर मांडीच्या हाडाची कड, जी एका रेघेत असायला हवी ती खडूची कड ओल्या बोटाने पुसावी तशी पुसलेली, आणि हाडाच्या बाहेर मांसात पिंजलेल्या कापसासारखं धुरकट काहीतरी. सूर्याच्या किरणांसारख्या रेषा दिसल्या तर ओस्टिओसार्कोमाचा संशय घेतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले तर युइंग सार्कोमा नावाच्या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरचा, पण ही नुसती खूण, निदान नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मुलांमध्ये खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आला तर खुब्याचाही काढायला सांगा. दोन, ओटीपोटाची हाडं आणि मणके यांच्यातली गाठ साध्या एक्स-रेमध्ये लपून राहू शकते, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणं तसंच असेल तर एमआरआय मागायला लाजू नका. रक्त तपासणीचा आधार धरून मात्र निश्चिंत होऊ नका. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एलडीएच वाढलेलं असू शकतं, नसूही शकतं, आणि वाढत्या वयाच्या मुलांत अल्कलाइन फॉस्फेटेज तसंही जास्तच असतं.

आता खरा मुद्दा. बायोप्सी.

एक्स-रेमध्ये शंका आली की घरात एकच धावपळ सुरू होते, लवकर तुकडा काढा, लवकर रिपोर्ट आणा. आमच्याकडे पण पहिल्या डॉक्टरांनी उद्याच ओपन करून बघू म्हटलं आणि आम्ही हो म्हणून आलो होतो. ताईच्या ओळखीतल्या एका नर्सने रात्री फोन करून सांगितलं, आधी एमआरआय करा, आणि जे ऑपरेशन करणार आहेत त्यांनाच बायोप्सी करू दे, तोवर कोणाला सुईसुद्धा लावू देऊ नका. त्या फोनमुळे पाय वाचला असं मी म्हणेन, अतिशयोक्ती वाटली तर वाटू दे. कारण असं आहे की सुई किंवा ब्लेड ज्या वाटेने गाठीपर्यंत जातं त्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडू शकतात, म्हणून नंतर मोठ्या ऑपरेशनमध्ये ती पूर्ण वाट गाठीसोबत कापून काढतात. बायोप्सी वेड्यावाकड्या जागेतून केली, आडवा छेद घेतला, मोठ्या रक्तवाहिनीच्या किंवा नसेच्या जवळून गेली, आत रक्त साचून पसरलं, तर मग तो सगळा भाग काढावा लागतो आणि वाचण्यासारखा पाय जाऊ शकतो. हेन्री मॅनकिन नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनने यावर १९८२ साली ३२९ पेशंटचा आणि १९९६ साली ५९७ पेशंटचा अभ्यास मांडला होता, दोन्ही वेळा तेच दिसलं की बायोप्सी बाहेर करून मग पेशंट मोठ्या सेंटरला गेला तर चुका कितीतरी पटीने जास्त, आणि काही जणांचा पाय निव्वळ त्या चुकीपायी कापावा लागला. चौदा वर्षांनी परत तोच निकाल, याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून क्रम असा धरा. एक्स-रे झाला, मग त्या पूर्ण हाडाचा एमआरआय, नुसत्या गुडघ्याचा नाही तर वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत, कारण कधीकधी त्याच हाडात वरती दुसरी छोटी गाठ असते. एमआरआय बायोप्सीच्या आधी, कारण सुई टोचल्यावर आत रक्त आणि सूज येते आणि चित्र गढूळ होतं. मग सार्कोमाचं, म्हणजे हाडामांसाच्या कॅन्सरचं, काम नेहमी करणारं सेंटर गाठायचं, म्हणजे जिथे ऑर्थो ऑन्कोसर्जन (हाडाच्या कॅन्सरचे सर्जन), रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, केमोवाले आणि रेडिएशनवाले एकत्र बसून ठरवतात. आणि मग बायोप्सी, बहुतेक वेळा जाड सुईने, सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत. भाच्याच्या वेळी सर्जन स्वतः आले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेनने एक उभी रेघ ओढून म्हणाले, पुढे ऑपरेशनला मी इथूनच कापणार आहे, सुई याच रेघेवर टोचा. टिकली एवढी जागा, पण तिच्यामागे विचार केवढा. आणि सुईने काढलेलं थोडं कल्चरलाही, म्हणजे जंतू आहेत का बघायला, पाठवायला सांगा, कारण युइंगमध्ये ताप येतो, ईएसआर (रक्ताच्या तपासणीतला, शरीरात दाह असल्याचं सांगणारा आकडा) वाढतो आणि आतला माल कधीकधी अगदी पुवासारखा दिसतो, त्यामुळे हाडाचं इन्फेक्शन समजून महिनोन्महिने अँटिबायोटिक चालू राहिल्याच्या केसेस होतात. उलटंही होतं, कॅन्सर समजून घाबरलेल्यांना नुसतं इन्फेक्शन निघतं.

रिपोर्टला वेळ लागतो. हाड कडक, ते आधी आम्लात मऊ करावं लागतं, मग काप घेता येतात, वर आयएचसी, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायची खास रंग लावून केलेली तपासणी, आणि युइंगचा संशय असेल तर जनुकाची टेस्ट, त्यात ११ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोममधली अदलाबदल शोधतात. आठ-दहा दिवस गेले तर लॅबवर चिडू नका. मी चिडले होते. त्या दिवसांत छातीचा सीटी आणि बोन स्कॅन किंवा पेट-सीटी करून टाका, कारण हाडाचा सार्कोमा पसरला तर सगळ्यात आधी फुप्फुसात जातो. बाहेर कुठे बायोप्सी झालीच असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही हातात घ्या, नुसता कागद नाही, आणि दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. हे नेहमीचं आहे, डॉक्टर रागावत नाहीत.

प्रकार थोडक्यात सांगते कारण उपचार त्यावरच ठरतात. ओस्टिओसार्कोमा मुख्यतः दहा ते वीस वयात, उंची वाढत असताना, गुडघ्याच्या आजूबाजूला किंवा खांद्याजवळ, आणि परत साठीनंतर थोडासा. युइंगही मुलांत-तरुणांत, पण ओटीपोट, बरगड्या, हाडाच्या मधल्या दांड्यात. कॉन्ड्रोसार्कोमा चाळिशीनंतर, हळू वाढणारा, त्याच्या नेहमीच्या प्रकाराला केमो आणि रेडिएशन फारसं लागू पडत नाही, सर्जरी हाच इलाज. जायंट सेल ट्यूमर कॅन्सर नाही पण हाड खातो, खरवडून काढतात, कधी डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन देतात. मल्टिपल मायलोमा हाडं पोखरतो पण मुळात रक्ताचा कॅन्सर आहे, तो हिमॅटॉलॉजीवाल्यांकडे, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरांकडे, त्यामुळे वयस्कर माणसाची पाठ दुखतेय आणि सोबत हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी करायला सांगा.

मोठ्यांच्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट. चाळिशी-पन्नाशीनंतर हाडात कॅन्सर दिसला तर बहुतेकदा तो दुसरीकडून आलेला असतो, स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी, थायरॉइड ही नेहमीची पाच ठिकाणं. पण ‘आईला पाच वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर होता, आता मांडीच्या हाडात डाग दिसतोय, म्हणजे तोच’ असं गृहीत धरून कोणी हाडाला आधार द्यायला आत रॉड टाकायला निघालं तर थांबवा. एकटाच डाग असेल आणि आधी कुठे पसरल्याचं माहीत नसेल तर बायोप्सी आधी. तो चुकून हाडाचा स्वतःचा सार्कोमा निघाला तर रॉडने तो हाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पसरवलेला असतो. पसरून आलेल्या कॅन्सरमध्ये उद्देश वेगळा असतो, दुखणं कमी करणं, हाड मोडू न देणं, माणूस चालता ठेवणं. रेडिएशन कधी एकाच बैठकीत देतात, ८ ग्रे (रेडिएशन मोजायचं माप), आणि दुखण्यासाठी ते चांगलं काम करतं, एकदाच दिलं म्हणजे हात झटकले असं समजू नका. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज थांबवणारी औषधं सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून जे काढायचं ते काढून घ्या, नंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडायचा धोका असतो. चालताना, वजन टाकल्यावर मांडीत कळ येत असेल तर ती हाड मोडायच्या बेतात असल्याची खूण असू शकते, मोडायच्या आधी रॉड टाकून घेतलेला केव्हाही बरा. आणि या दोन गोष्टींना सकाळपर्यंत थांबायचं नाही: पाठ दुखत असताना पायातली ताकद जाणं, बधिर होणं, लघवी अडणं, म्हणजे मणक्यात नस दाबली जातेय, त्याच रात्री इमर्जन्सीला, कारण पाय पूर्ण गेल्यावर परत येणं अवघड. दुसरं, खूप तहान, बद्धकोष्ठता, मळमळ आणि माणूस असंबद्ध बोलायला लागणं, रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असतं.

परत मुलांकडे. ओस्टिओसार्कोमात आधी साधारण दहा आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. घरातल्या मोठ्यांना हे पटत नाही, ‘आधी ती गाठ काढून टाका ना’ असं सगळेच म्हणतात. पण १९७० च्या आधी तेच करायचे, पाय कापून टाकायचे, आणि तरी पाचातला जेमतेम एक जगायचा, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी आधीच फुप्फुसात गेलेल्या असायच्या. केमो आली आणि आता कुठे पसरलेला नसेल तर साठ-सत्तर टक्के मुलं पाच वर्षांपुढे जातात. फुप्फुसात एक-दोन गाठी असल्या तरी त्या काढून काही जण पूर्ण बरे होतात, त्यामुळे सीटीत ठिपका दिसला म्हणजे संपलं असं नाही. काढलेली गाठ लॅबमध्ये तपासून किती टक्के मेली ते बघतात, नव्वद टक्के किंवा जास्त म्हणजे केमो चांगली लागू पडली. हा आकडा विचारून लिहून ठेवा. युइंगमध्ये केमो दोन-दोन आठवड्यांनी देतात आणि त्याला रेडिएशनही लागू पडतं, ओस्टिओसार्कोमाला ते तितकं नाही.

केमो सुरू व्हायच्या आधी तीन कामं, नंतर जमत नाहीत. वयात आलेल्या मुलाचं वीर्य गोठवून ठेवायचं, मुलींसाठी काय करता येतं ते त्या आठवड्यातच विचारायचं. पंधरा वर्षांच्या पोराशी हे बोलायचं कोणी यावर आमच्याकडे दोन दिवस गेले, शेवटी डॉक्टरच एकटे बोलले त्याच्याशी आणि तो म्हणाला एवढंच ना. हृदयाची टूडी इको, कारण केमोतलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला लागतं. आणि कानाची टेस्ट, कारण सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं. हातातल्या शिरेतून केमो देत बसू नका, पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, घ्या, औषध बाहेर गळलं तर चामडी जळते.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते, रक्त नाही ते, आम्ही रात्री अकराला फोन केला होता. मेथोट्रेक्सेट पिवळंधमक, त्याचा डोस प्रचंड असतो, म्हणून चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन हा त्याचा उतारा सुरू करतात आणि रक्तातली लेव्हल खाली येईपर्यंत सलाइन लावून ठेवतात. त्या दिवसांत पेनकिलर, अ‍ॅसिडिटीची गोळी, कुठलंही अँटिबायोटिक आपल्या मनाने देऊ नका, औषध शरीरातून बाहेर पडायचं अडतं आणि किडनी जाते. घरी थर्मामीटर ठेवा. १००.४ ताप म्हणजे रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल, तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, पांढऱ्या पेशी नसताना इन्फेक्शन काही तासांत डोक्यावरून जातं.

ऑपरेशनबद्दल. आता दहातल्या साधारण नऊ जणांचा हातपाय वाचवता येतो. गाठीसकट हाडाचा तुकडा काढून तिथे धातूचं मोठं प्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम हाड-सांधा, बसवतात, लहान मुलांना लांबवता येणारं, किंवा दात्याचं हाड, किंवा स्वतःचंच हाड काढून रेडिएशन देऊन परत बसवलेलं. रोटेशनप्लास्टी नावाचा एक प्रकार आहे, गुडघा काढून खालचा पाय उलटा फिरवून जोडतात आणि घोट्याचा गुडघा होतो, फोटो बघून अंगावर काटा येतो पण ती मुलं कृत्रिम पाय लावून चक्क पळतात, त्यामुळे डॉक्टरांनी हा पर्याय सांगितला तर ऐकून तरी घ्या. आणि कापायचंच म्हणाले तर कारण विचारा, दुसरं मत घ्या, पण आठवडाभरात घ्या, महिनाभर फिरत बसू नका. ऑपरेशननंतर साधारण तीन आठवड्यांत केमो परत सुरू व्हावी लागते, म्हणून जखम भरणं आणि खाणंपिणं याकडे त्या दिवसांत डोळ्यात तेल घालून बघा. फिजिओ पहिल्या आठवड्यापासून. पोरं रडतात, शिव्या देतात, तरी गुडघा वाकवायचा, नाहीतर तो कायमचा अडतो.

संपल्यावर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी छातीचा आणि पायाचा फोटो, मग अंतर वाढत जातं. प्रोस्थेसिसमध्ये जंतू शिरायची भीती कायम असते, पायाला लाली, गरमपणा, पाणी येणं, कसलाही न उतरणारा ताप, की सर्जनला कळवायचं. फाइलच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहून ठेवा: इम्प्लांटचं नाव आणि कंपनी, डॉक्सोरुबिसिन एकूण किती गेलं, आणि शेवटची इको आणि कानाची टेस्ट कधी झाली. वीस वर्षांनी नव्या गावात नवा डॉक्टर हेच विचारणार आहे, आणि तेव्हा फाइल आपल्या हातात नसेल, त्याच्याच हातात असेल, म्हणून ते पान मी त्याच्याकडूनच त्याच्या अक्षरात लिहून घेतलं.